दातावर पांढरा डाग दिसतोय, घरी काही करता येईल का?

गेल्या दोन महिन्यांत दातांबद्दल जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरतायत, म्हणजे कीड नुकतीच लागलीय, ड्रिल आणि सिमेंटची भीती वाटतेय, आणि मोबाइलवर कोणीतरी घरगुती उपाय पाठवलाय, तो करू का. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण बाकीची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत, त्यामुळे तेवढं वाचाच.

प्रश्न : माझं वय 31. दात क्लीन करायला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी आरशात दाखवलं की वरच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीला लागून खडूसारखे पांढरे पट्टे आलेत. म्हणाले ही किडीची सुरुवात आहे पण लगेच ड्रिल नको, सहा महिन्यांनी बघू. मला ते काही पटलं नाही, कीड आहे तर थांबायचं कशाला? घरी येऊन शोधलं तर कोणी खोबरेल तेलाच्या गुळण्या सांगतंय, कोणी अंड्याच्या टरफलाची पावडर, कोणी हळद-मीठ, कोणी लिंबू आणि खायचा सोडा. यातल्या कशाने इनॅमल परत येतं? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय आणि ड्रिल हातात घेतलं नाही याबद्दल त्यांचे आभार माना. फक्त "सहा महिन्यांनी बघू" याचा अर्थ तोवर काहीच करायचं नाही असा नसतो, आणि ते मधलं सांगायचं बहुतेक राहून गेलं असावं.

आधी इनॅमल म्हणजे काय ते बघू. दाताचं हे सगळ्यात वरचं कवच वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. त्यात रक्त नाही, नस नाही, जिवंत पेशी नाहीत. ज्या पेशी ते तयार करतात त्या दात हिरडीतून वर येता येताच संपून जातात. म्हणून हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरते, पण इनॅमलचा तुकडा उडाला तर तो परत उगवत नाही, कुठल्याही तेलाने नाही आणि कुठल्याही पावडरीने नाही. हे एकदा पक्कं करून ठेवा म्हणजे निम्मे व्हिडिओ आपोआप बाद होतील.

पण तुमच्या दातात तुकडा उडालेलाच नाहीये ना! पांढरा पट्टा म्हणजे वरचा पापुद्रा शाबूत आहे आणि त्याच्या खालून खनिज झिरपून गेलंय, भिंतीचा रंग जागेवर आणि आतून गिलावा पोकळ, तसं. दात वाळवला की तो डाग जास्त उठून दिसतो आणि ओला असताना लपतो, कारण त्या बारीक छिद्रांत पाणी भरलेलं असतं. डॉक्टर दातावर हवा मारून बघतात ते त्यासाठीच. या टप्प्यावर गेलेलं खनिज परत भरता येतं, आणि ते भरणारा कारागीर तुमच्या तोंडातच आहे, तो म्हणजे लाळ.

होतं असं की आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातावरच्या थरातले जिवाणू ते खाऊन अ‍ॅसिड सोडतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम-फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ येते, अ‍ॅसिड पातळ करते, मारते, आणि स्वतःतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसवायला लागते. या सगळ्याला अर्धा तास ते तासभर लागतो. रोज दिवसभर ही देवाणघेवाण चालू असते, सगळ्यांच्या तोंडात, तुमच्या आणि माझ्याही. कीड लागते ती जमेपेक्षा खर्च जास्त झाला की. त्यामुळे कुठलाही घरगुती उपाय पुढे आला की मी एवढंच विचारते, याने लाळेला मदत होते का आड येतं?

आता तुमची यादी घेऊ.

लिंबू आणि सोडा हा यातला सगळ्यात वाईट. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 च्या मध्ये असतो, म्हणजे जिवाणूंना जे करायला तासन्‌तास लागतात ते तुम्ही स्वतःच ब्रशने करून देताय. दोन्ही एकत्र केलं की फस्स करून फेस येतो आणि वाटतं काहीतरी जबरदस्त साफ होतंय, दात पांढरेही वाटतात एकदोन दिवस, कारण वरचा थर खरवडला गेलेला असतो. नुसता खायचा सोडा मात्र तसा वाईट नाही, चिमूटभर ग्लासभर पाण्यात घालून आंबट खाल्ल्यावर चूळ भरली तर अ‍ॅसिड मरतं. त्याने खनिज भरत नाही, लाळेचं काम जरा हलकं होतं इतकंच.

अंड्याच्या टरफलात कॅल्शियम असतं हे खरं, ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच. पण पावडर दातावर घासली म्हणून ते आत जात नाही, घरच्या मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी कण भरडच राहतात आणि तुमच्या त्या पापुद्र्यावर ते सँडपेपरसारखे चालतात. हळद-मीठ हिरडी सुजली असेल तर ठीक, दाताच्या खनिजाशी त्याचा संबंध नाही, आणि मीठही भरडच असतं, घासू नका.

खोबरेल तेल. यावर माझ्याकडे भांडायलाच लोक येतात! तेल तोंडात धरणं आणि खळखळवणं, गंडूष आणि कवल, चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत आहे, नवीन फॅड नाही. याने दातावरचा चिकट थर काहींचा थोडा कमी होतो. पण तेलात कॅल्शियम नाही, फॉस्फेट नाही, तर भरणार काय? आवडत असेल तर करा, सकाळी दहा मिनिटं, गिळू नका, आणि कृपा करून बेसिनमध्ये थुंकू नका, थंडीत ते पाइपमध्ये गोठतं आणि मग प्लंबरचा खर्च दाताच्या डॉक्टरपेक्षा जास्त होतो. फक्त ब्रशच्या ऐवजी तेल, असं नको.

मग करायचं काय? पहिलं, खाण्याच्या वेळा मोजा, किती खाता त्याआधी किती वेळा खाता ते. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोम नावाच्या संस्थेत 1945 नंतर काही वर्षं एक अभ्यास झाला, तिथल्या बौद्धिकदृष्ट्या दुर्बल रहिवाशांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन दात किडतात का बघितलं. माणसांशी असं वागणं लाजिरवाणंच होतं आणि आज कोणी तसं करू शकणार नाही. पण त्यातून कळलं ते असं की जेवणाबरोबर साखर खाल्ली त्यांचे दात फारसे किडले नाहीत, आणि दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खाल्ल्या त्यांचे भराभर किडले. आता आपलं गणित करा. सकाळचा चहा, ऑफिसमध्ये दोन, चारचा एक, घरी आल्यावर एक, सगळे साखरेचे, आणि बरोबर बिस्किट. पाच वेळा अर्धा अर्धा तास धरला तरी अडीच तास दात अ‍ॅसिडमध्ये, जेवणं वेगळीच, आणि चहा घोट घोट करत तासभर पुरवला तर विचारूच नका. चहा सोडा म्हणत नाही मी, मलाही सुटत नाही. दोन चहा बिनसाखरेचे करा, बिस्किट जेवणाला चिकटवा, आणि मध्ये लाळेला दोन-तीन तासांची सलग सुट्टी द्या.

दुसरं, रात्री. झोपेत लाळ जवळजवळ बंद असते, म्हणून रात्री ब्रश केल्यावर दूधसुद्धा नको, पाणी चालेल. सकाळी एक वेळ घाईत ब्रश झाला तर मी माफ करीन, रात्रीचा नाही.

तिसरं, फ्लोराइडची पेस्ट. नॅचरल शोधणाऱ्यांना हे आवडत नाही, पण फ्लोराइड हे जमिनीत, पाण्यात, चहाच्या पानात असणारंच खनिज आहे. ते असलं की लाळेतलं कॅल्शियम दातात लवकर बसतं आणि जो नवा थर बसतो तो आधीपेक्षा टणक असतो, 5.5 ला न विरघळता 4.5 च्या आसपास विरघळणारा. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त घालायला परवानगी नाही, तेवढं मोठ्या माणसाला रोजच्यासाठी चालतं. ट्यूबवर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट लिहिलंय का बघा, लवंग-तुळशीचं चित्र असलेल्या बऱ्याच ट्यूबांत ते नसतं. आणि ब्रश झाल्यावर थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका! ही सवय मोडायला सगळ्यांना जड जातं, तोंडात फेस राहिला की आपल्याला कसंसंच होतं, पण चूळ भरली की पेस्टमधलं औषध गटारात जातं. डॉक्टरांकडे फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप, लावून घेता येतं, पाच मिनिटांचं काम, ना सुई ना ड्रिल.

एक शेवटचं, त्या डागाला नखाने, पिनेने, टाचणीने टोकरून बघू नका. माझ्या एका मावशीला सेफ्टीपिनने दात तपासायची सवय होती. वरचा पापुद्रा फुटला की मग खड्डा, आणि खड्ड्याला सिमेंटच. काही महिन्यांनी डाग गुळगुळीत आणि चकचकीत झाला तर समजा खनिज भरलं, कीड थांबली, मग तो पांढरा किंवा जरा तपकिरी दिसत राहिला तरी घाबरायचं नाही. खरखरीत आणि मॅट राहिला तर अजून चालू आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी राखुंडी, कोळसा, बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी यावरच सगळं चालायचं आणि माझ्या आजीचे 80 व्या वर्षी सगळे दात शाबूत होते. आता पेस्ट आली आणि नातवंडांचे दात पाचव्या वर्षी किडले. जुनंच बरं नव्हतं का? (निवृत्त शिक्षक, खेड)

उत्तर : सर, तुमच्या आजींचे दात राखुंडीने टिकले नाहीत, राखुंडी लावूनही टिकले! त्यांच्या काळात घरात साखर किती यायची आठवा. सणाला गोड, पाहुण्याला चहा, आणि बाकी दिवस भाकरी, चटणी, कांदा. चावून चावून खायचं म्हणजे लाळ भरपूर, आणि मधल्या वेळेला काय तर मूठभर शेंगदाणे. नातवंडांच्या डब्यात आज काय असतं ते सूनबाईंना विचारा, म्हणजे उलगडा होईल.

काडीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. बाभूळ-कडुलिंबाची ताजी काडी चावून तिचा कुंचला केला आणि हळू फिरवली तर दात चांगले साफ होतात, चावताना लाळ सुटते तो फायदा वेगळा. मागच्या बाजूला आणि दोन दातांच्या फटीत ती पोचत नाही, आणि आडवी घासली तर हिरडी वर सरकते. राख, कोळसा, विटकर, गेरूचं लाल मंजन हे सगळं मात्र खरवडणारं. हिरडीजवळ आडव्या खाचा पडलेल्या असतात ना कित्येक आजी-आजोबांच्या दातांना, कुऱ्हाडीने घाव घातल्यासारख्या, त्यात या मंजनांचा आणि जोर लावून घासण्याचा हात असतो. आणि घरात कोणी अजून मशेरी लावत असेल तर ती तंबाखूच आहे, दात साफ करायची वस्तू नव्हे. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 सालीच बंदी घातली, तरी घरोघरी तव्यावर भाजणं काही थांबलं नाही. ती सोडवा, दातासाठी नाही, तोंडाच्या कॅन्सरसाठी.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. साखर पूर्ण बंद केलीय, गूळ, मध आणि खजूरच देते, दुधातही गूळ. तरी वरच्या पुढच्या दातांना पांढऱ्या रेघा आल्यात. नैसर्गिक गोडाने पण कीड लागते का? (एक आई, नाशिक)

उत्तर : लागते हो. जिवाणूंना गूळ कोल्हापूरचा आहे की साखर कारखान्याची आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. मध तर मुळात अ‍ॅसिडिक, खजूर चिकट, दाताला धरून बसतो. तुम्ही मनापासून करताय हे कळतंय, म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण एक विचारते, गुळाचं दूध रात्री झोपताना बाटलीतून देता का? वरच्या पुढच्या दातांना हिरडीजवळ रेघा म्हणजे बहुतेक वेळा तेच असतं, दूध ओठामागे साचून राहतं आणि झोपेत लाळ नसते. दूध संध्याकाळच्या खाण्याबरोबर कपातून द्या, मग ब्रश, मग झोप. बाटली एकदम सुटत नसेल तर पहिले काही दिवस गूळ कमी करत न्या आणि शेवटी नुसतं पाणी, मुलं स्वतःच कंटाळतात. तिळगूळ, चिक्की, लाडू जेवणाबरोबर, एकदाच, आणि वर पाणी.

तिला फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, ब्रश तुम्ही करायचा, तिने नाही, साडेतीन वर्षांच्या मुलीचा हात अजून तेवढा वळत नाही. तीन वर्षांच्या आत असेल तर तांदळाच्या दाण्याएवढीच. आणि "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. लहान मुलांच्या दाताच्या डॉक्टरांना या महिन्यातच दाखवा, लहान मुलांत रेघेचा खड्डा फार पटकन होतो कारण दुधाच्या दाताचं इनॅमल पातळ असतं.

प्रश्न : आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, गावात कित्येकांचे दात पिवळे-तपकिरी आहेत. मुलाच्या दातांवर पांढरे ठिपके आहेत. मग फ्लोराइडची पेस्ट बंद करू की चालू ठेवू? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात हा त्रास जुनाच आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, आणि जास्त असलेलं पाणी दात तयार होत असतानाच्या वयात वर्षानुवर्षं पोटात गेलं की असे डाग पडतात. ही कीड नव्हे. साधारण ओळखायचं असं की फ्लोराइडचे डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात, दातभर ढगासारखे किंवा आडव्या बारीक रेघांसारखे, आणि दात वर आल्यापासूनच असतात. किडीचा डाग नंतर येतो, आणि जिथे घाण साचते तिथेच, हिरडीजवळ नाहीतर दाढेच्या खाचेत. तरी एकदा डॉक्टरांनी डोळ्याने बघायला हवं, दोन्ही एकत्रही असू शकतात.

मुख्य लढाई पाण्याची आहे. पाणी तपासून घ्या, उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की तीव्रता वाढते. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी निदान लहान मुलांच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा. पाण्यात खरंच जास्त निघालं आणि मूल पेस्ट गिळत असेल तर पेस्टचं डॉक्टरांना विचारून ठरवा. थुंकता येणाऱ्या मोठ्या मुलाने वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकली तर पोटात जाते ती पाण्याच्या मानाने फारच थोडी.

प्रश्न : दाढ गोड खाल्लं की सळकते, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला की थांबते. महिनाभर हेच चाललंय. चालेल ना? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही चालणार. लवंगेतलं युजेनॉल नस बधिर करतं, कीड तिथेच असते आणि पुढे सरकत राहते. सळक यायला लागली म्हणजे कीड इनॅमलच्या खाली उतरलेली असण्याची शक्यता जास्त, तिथे लाळेचंही चालत नाही. आत्ता गेलात तर सिमेंटवर भागेल, रात्री ठणकायला लागल्यावर गेलात तर रूट कॅनल आणि कॅप. बोळा हिरडीला लागून हिरडी पोळते ते वेगळंच.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे बरेच जण सांगतात की धान्याच्या कोंड्यात असणाऱ्या आणि कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या फायटिक अ‍ॅसिडमुळे दात किडतात, पोळी-भाकरी बंद करून व्हिटॅमिन डी आणि तूप खाल्लं की कीड आपोआप भरते, म्हणे इंग्लंडमध्ये तसा प्रयोगही झालाय. शिवाय हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची पेस्ट घ्या म्हणतात. तुमचं मत? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : प्रयोग झालाय हे खरं. मे मेलॅन्बी नावाच्या बाईंनी शेफील्डमध्ये दवाखान्यातल्या मुलांवर तो केला आणि 1932 साली छापून आणला, धान्य बंद आणि व्हिटॅमिन डी, कॅल्शियम भरपूर. मुलांची कीड मंदावली. पण ती वाढीच्या वयातली मोजकी मुलं होती, आणि फ्लोराइडच्या पेस्ट बाजारात आल्या त्या 1950 च्या दशकात, त्यामुळे आजच्या तुमच्या-माझ्या दाताला तो जसाच्या तसा लावता येत नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर ते भरून काढाच, हाडांसाठीही लागतंच. पण पोळी-भाकरी सोडू नका. फायटिक अ‍ॅसिडचं म्हणाल तर ते मोड आणून आणि आंबवून कमी होतं, आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व काढतात, आंबील करतात, ते कोणी फायटिक अ‍ॅसिड हा शब्द ऐकून नव्हतं सुरू केलं. तूप खा, दाताला त्याचं काही नाही.

पेस्टचं मात्र ऐकण्यासारखं आहे. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणजे इनॅमल ज्या खनिजाचं बनतं तेच. जपानमध्ये 1980 पासून अशी पेस्ट मिळते आणि 1993 साली तिथल्या सरकारने कीड रोखणारं औषध म्हणून त्याला मान्यता दिली. फ्लोराइड अजिबात नको असेल तर खोबरेल तेलापेक्षा ही कितीतरी पटीने बरी. फ्लोराइडमागे जेवढ्या वर्षांचा पुरावा आहे तेवढा अजून हिच्यामागे नाही म्हणून मी स्वतः फ्लोराइडवरच आहे. दुधातल्या केसीनपासून केलेलं एक क्रीमही मिळतं, कॅल्शियम-फॉस्फेट दाताजवळ धरून ठेवणारं, रात्री ब्रशनंतर बोटाने लावायचं. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि तिकडे झायलिटॉल या साखरेऐवजीच्या गोड पदार्थाचं च्युइंगम सहज मिळतं, जेवणानंतर दहा मिनिटं चघळा, लाळ सुटते आणि जिवाणूंना त्यातून अ‍ॅसिड करता येत नाही. इथल्या वाचकांनी जेवणानंतर साधी बडीशेप चावली तरी लाळ सुटायचं काम होतं, फक्त रंगीत साखरेची नको आणि सुपारी तर नकोच. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं पाकीट वर ठेवा, कुत्र्यांना ते विषारी असतं.